आवाज मागून येतो

ब्रिस्टलमध्ये, गालिच्यांच्या दुकानावरच्या खोलीत
मी स्फोटांना आवाज बसवते.
मूळ फिल्म मुकी आहे. अठ्ठावन्न सालची,
कडांना विटकरी पडलेली.
डब्यावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: हवामान चांगलं.

तुम्ही आजवर पाहिलेले असले बहुतेक ढग
उमलता उमलताच गरजले असतील.
ते माझ्यासारख्याच कुणाचं तरी काम.
तोफ, दगडाची खाण,
एकदा तर रिकाम्या पिंपावर आपटलेली बटाट्याची गोणी,
संथ केलेली, खर्जात ओढलेली.

आई फोनवर विचारते, सिनेमा कशावर आहे?
चाचण्यांवर, मी म्हणते.
कसल्या, रक्ताच्या?
मी हसते. मग हसणं
कुठं ठेवावं कळत नाही.
मराठीत सोन्याची असते ती कसोटी.
चाचणी आपली साधी, सहामाहीच्या आधीची,
वीस गुणांची,
पुन्हा देता येणारी.

ललानेलीहून इडवल प्रिचर्ड आला. वय शहाऐंशी.
कोट न काढता बसला.
तेव्हा एकोणीस वर्षांचा, पलटणीच्या भटारखान्यात
अंडी उकडणारा.
मी चित्र लावलं: उजेड, धमाका, एकाच फ्रेमवर.
तो मान हलवत राहिला.
असं नव्हतं, म्हणाला.
आधी काही नव्हतंच.

पाठ करून बसवलं होतं आम्हाला, वाळूत.
मागे कुणी भट्टीचं दार उघडावं
तशी धग आली मानेवर.
मग म्हणाले, वळा. वळलो.
आणि ते वर चढत होतं,
आणि आवाज नाही.
घड्याळ नव्हतं. पण अंड्यांमुळे मला
मोजायची सवय.
चाळीसला कुणीतरी हसलं.
सत्तरला केनेथ टक म्हणाला, झालं वाटतं, चला.
त्र्याण्णवला आला.
केनेथची टोपी गेली, ती सापडलीच नाही.

एवढंच सांगितलं त्यानं.
पिशवीतली मंत्रालयाची पत्रं त्यानं काढली नाहीत,
पण पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.
पहिल्या मुलीचं नाव सांगितलं: नेस्टा.
अकरा दिवस, म्हणाला,
आणि चहात साखर आहे का विचारलं.

मिरजेला आमच्या बोळात एक नियम होता:
वात जळून गेली आणि सुतळी बॉम्ब फुटला नाही
तर जवळ जायचं नाही.
लांबून बघायचं. किती वेळ, ते कुणी सांगायचं नाही.
सकाळी झाडूवाली यायची
आणि आम्ही श्वास रोखून धरायचो
तिच्या झाडूच्या टोकापाशी.

फिलिपा म्हणते, त्र्याण्णव सेकंद? लोक उठून जातील.
दिग्दर्शक ती आहे, तिचं बरोबरही असेल.
घासाघीस करून चार मिळाले.
चार सेकंदांत काय होतं?
माणूस रिमोट शोधतो.

ती जेवायला गेल्यावर
मी इडवलसाठी पूर्ण पट्टी लावली. कापलेलं काही नाही.
खिडकी बंद केली. पडद्यावर ते चढू लागलं,
दुधावर साय धरावी तसं, घाई नसलेलं.
त्याचे ओठ वेल्शमध्ये मोजत होते.
माझी बोटं मराठीत, पेरांवर.
तिसाच्या पुढे आमची गती एक झाली,
कशी, ते माहीत नाही.

छप्पन्नला खाली दुकानात
कुणीतरी गालिच्याची गुंडाळी जमिनीवर टाकली.
त्याचे हात कानांपर्यंत गेले, तिथेच थांबले.
मी पट्टी थांबवायला हात पुढे केला.

राहू दे, म्हणाला. तो हा नव्हे.
सत्तावन्न.
अठ्ठावन्न.